एका दिवसात पाच लढाया

पुण्यातल्या एका बोर्डगेम कॅफेत मी रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा खेळ चालवते. हे माझं पगारी काम आहे. लोकांना वाटतं डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारी) म्हणजे गोष्ट सांगणारी बाई. गोष्ट त्यातला सोपा भाग. खरी कसरत असते ती टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला, त्याची पाळी आली की, करण्यासारखं काहीतरी मोलाचं शिल्लक ठेवण्याची.

माझ्या टेबलावर जादू करणारे दोन जण आहेत. एक कॉलेजातली मुलगी, तिचं पात्र निव्वळ विझर्ड, म्हणजे जादूगार, नवव्या लेव्हलचं. दुसरे बँकेत नोकरी करणारे एक काका. त्यांचं पात्र एल्फ जमातीचं आणि दोन वर्गांचं मिश्र आहे, क्लेरिकच्या, म्हणजे पुरोहिताच्या, पाच लेव्हल्स आणि विझर्डच्या चार. आम्ही २०१४ चे नियम वापरतो. त्या नियमांत मिश्र पात्राच्या लेव्हल्स एकत्र मोजून स्पेल स्लॉट, म्हणजे दिवसभरात मंत्र टाकायच्या संधी, मिळतात, त्यामुळे दोघांकडेही रोज सारखेच १४ स्लॉट. मंत्र मात्र ज्या त्या वर्गाच्या लेव्हलपुरतेच शिकता येतात. म्हणजे काकांच्या हातात पाचव्या पातळीचा स्लॉट आहे (मंत्रांची पातळी पात्राच्या लेव्हलपेक्षा वेगळी मोजतात), पण त्यात घालायला तिसऱ्या पातळीच्या वरचा एकही मंत्र नाही. बटव्यात पाचशेची नोट, आणि दुकानात सगळा माल पन्नासाच्या आतला.

सहाव्या लेव्हलला तर काकांचे हाल बघवत नव्हते. मुलगी पाचव्या लेव्हलपासून तिसऱ्या पातळीचा फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, टाकत होती आणि काका दोन्हीकडून दुसऱ्याच पातळीवर अडकले होते. नेटवरच्या बिल्डवाल्यांनी, म्हणजे पात्रांची सर्वांत ताकदवान जुळणी शोधणाऱ्यांनी, त्यांना सरळ सांगितलं की हे पात्र टाकून द्या. ही मंडळी दर फेरीला किती डॅमेज होतं एवढंच मोजतात. खेळातला दिवस किती लांब आहे हे त्यांच्या गणितात कधी येतच नाही. काकांनी पात्र सोडलं नाही. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत मिस्टिक थिअर्ज नावाचा वर्ग होता, त्यात एक लेव्हल घेतली की दोन्ही बाजूंची मंत्रशक्ती एकेक पायरी चढायची. तसाच नियम आपल्या टेबलावर आणावा म्हणून त्यांनी मला दोन पानांचा प्रस्ताव लिहून दिला होता. मी त्यावर निर्णय दिला नव्हता.

काका मागे का पडतात हे उघड होतं. तीन तासांच्या टेबलावर एकच मोठी लढाई मावते. कॅफेच्या मालकांना तेच हवं असतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण अशा एका लढाईत विझर्डला काही राखून ठेवावं लागत नाही. एका रविवारी फायर जायंटांचा सरदार त्याच्या रक्षकांसह पुलावर उभा होता. मुलीने वॉल ऑफ फोर्स ही जादूची भिंत उभारली. ती भिंत मारून फुटत नाही, डिस्पेल मॅजिक या जादू उतरवणाऱ्या मंत्रानेही उतरत नाही. रक्षक पलीकडे, सरदार अलीकडे एकटा. लढाई तिथेच संपली. काकांना त्या दिवशी कोणाच्या तरी जखमा भरण्यापलीकडे काम नव्हतं.

मग पुढचा, पावसाचा रविवार आला. आमच्यानंतरचं बुकिंग पाण्यामुळे रद्द झालं आणि टेबल संध्याकाळपर्यंत आमचं झालं. थडग्यांचं अख्खं नगर मी कधीची तयार करून ठेवलं होतं, एकामागून एक पाच दालनं, मध्ये लाँग रेस्टला, म्हणजे सगळे स्लॉट परत देणाऱ्या झोपेला, जागा नाही. मूळ नियमपुस्तकात एका दिवसाला सहा ते आठ लढायांचा हिशेब धरलेला आहे. इतक्या लढाया एका दिवसात घेणारं टेबल मला तरी भेटलेलं नाही. पाच म्हणजेही चैन होती.

पहिल्या दोन दालनांत मुलगी नेहमीसारखी खेळली. फायरबॉल, पुन्हा फायरबॉल, तिसऱ्या दालनात वॉल ऑफ फोर्स. मग शॉर्ट रेस्टमध्ये, म्हणजे छोट्या विश्रांतीत, आर्केन रिकव्हरी या विझर्डच्या खुबीने दोन स्लॉट परत मिळवले, तेही चौथ्या दालनात गेले. पाचव्या दालनाच्या दारात पोहोचली तेव्हा तिच्याकडे फक्त स्लॉट न लागणारा फायर बोल्ट उरला होता. दोन दहापैलू फासे, सरासरी ११, तोही लागला तर.

पलीकडून घूल यायला लागले, मुडदे खाणारे. एकेकाचे हिट पॉइंट २२, म्हणजे तेवढं डॅमेज झालं की तो पडणार. दार अरुंद होतं. काका त्यात जाऊन उभे राहिले.

दर लढाईला त्यांनी स्पिरिट गार्डियन्स या जवळ येणाऱ्या शत्रूला इजा करणाऱ्या मंत्राचा एक स्लॉट वापरला होता, वर शील्ड या बचावाच्या मंत्राचे किरकोळ. स्पिरिट गार्डियन्स एकदा लावला की दहा मिनिटं चालतो, कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे मंत्रावरचं लक्ष, तेवढं टिकवायचं. या वेळी चौथ्या पातळीच्या स्लॉटातून टाकला, म्हणजे चार आठपैलू फासे. सरासरी १८. सेव्ह, म्हणजे शत्रूचा बचावाचा फासा, जमला तरी निम्मं बसतंच. चिलखत आणि ढाल धरून त्यांचा एसी, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, १९, घूलच्या पंजाला वीसपैलू फाशावर १५ किंवा जास्त लागतात. तेवढ्यात काका म्हणाले, "शील्ड." एसी २४. आता २० पडले तरच पंजा लागणार. हातात गदा आणि ढाल दोन्ही असताना हा मंत्र टाकता यावा म्हणून त्यांनी एका वर्गाच्या चौथ्या लेव्हललाच वॉर कास्टर हे खास कसब घेऊन ठेवलं होतं. घूलच्या पंजाने लकवा मारतो आणि कॉन्सन्ट्रेशन तुटतं, पण एल्फवर तो लकवा चालत नाही. हे सगळं त्यांनी जुळवून आणलं होतं, आणि आजवर ते दाखवायला त्यांना पुरेसा लांब दिवसच मिळाला नव्हता.

माझ्या हातातून फासे पडत होते, १२, ७, १६, ३. प्रत्येक वेळी काका नुसती मान हलवायचे. दुसऱ्या फेरीच्या शेवटी उंबरठ्यावर प्रेतांचा खच पडला होता.

काका सर्वांत भारी ठरले असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी नवव्या लेव्हलचा निव्वळ क्लेरिक असता तर मुडद्यांना नष्ट करणाऱ्या डिस्ट्रॉय अनडेडच्या तडाख्यात घूल जागीच राख झाले असते. घूलांना पुरेल एवढी ती ताकद क्लेरिकच्या आठव्या लेव्हलला येते आणि काका पाचव्यावर आहेत. आणि त्या पुलावर तर मुलीवाचून कोणाचंच चाललं नसतं. पण त्याच दोन पात्रांत, त्याच कागदांवर, एका रविवारी एक निरुपयोगी आणि पुढच्या रविवारी दुसरं. बदललं होतं ते फक्त दोन झोपांमधलं अंतर. आणि ते अंतर मी ठरवते, किंवा खरं सांगायचं तर कॅफेचं बुकिंग ठरवतं.

आवराआवर चालू असताना मुलगी जवळ आली. मला वाटलं चिडली असेल. ती म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी झोपायला कुठे मिळणार आहे ते आधी कळेल का? मग मी तसं वाटून खर्च करीन." प्रश्न अगदी रास्त होता. तरी मी लगेच हो म्हणाले नाही. आधी सांगितलं तर ती प्रत्येक लढाईला नेमका हवा तेवढा खर्च करेल आणि काकांचा टिकाऊपणा पुन्हा वाया जाईल. नाही सांगितलं तर ती स्लॉट कवटाळून फायर बोल्ट मारत बसेल, आणि तिने पैसे त्यासाठी भरलेले नाहीत.

सध्या एवढं ठरवलंय की एक दिवस दोन-तीन रविवारांत पसरवायचा, खर्च झालेले स्लॉट पुढच्या बैठकीत तसेच न्यायचे, आणि पुढे किती वाट आहे याची खूण गोष्टीतूनच द्यायची, कोणी वाटाड्या किंवा जुना नकाशा. मालकांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते दर रविवारी सगळे ताजेतवाने हवेत. काका दहाव्या लेव्हलला विझर्डची पाचवी घेणार आहेत, म्हणजे एकदाचा फायरबॉल. पण अकराव्याला मुलीच्या हाती सहाव्या पातळीचा डिसइंटिग्रेट येईल, आणि काका तेव्हाही तिसऱ्या पातळीवरच असतील. ती दरी दिवस लांबवून भरेल असं मला वाटत नाही. त्यांचा दोन पानी प्रस्ताव मी पुन्हा वाचायला काढला आहे.