गणपतीतला भुताचा पिक्चर

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या मंडळाच्या गणपतीत दहा दिवस काय काय असायचं असं कोणी विचारलं तर संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, रांगोळी, बायकांची पाककला स्पर्धा असं सगळं सांगता येईल, पण आमच्या वयाच्या कुणालाही नुसतं गणपती म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो भुताचा पिक्चर. दरवर्षी एक तरी असायचाच. चौकातल्या फळ्यावर रंगीत खडूने नाव लिहिलेलं असायचं, खाली "रात्री ठीक ९.३० वाजता", आणि शाळेत जाता-येता आम्ही तो फळा इतक्या वेळा वाचायचो की पिक्चर लागायच्या आधीच निम्मी भीती पोटात शिरलेली असायची.

क्रम ठरलेला होता. सुरुवातीला देवाधर्माचा किंवा संतांवरचा सिनेमा, गौरी जेवल्या की बायकांसाठी एक रडका कौटुंबिक, आणि विसर्जनाच्या आधी एकदोन दिवस भुताचा. त्यावर दरवर्षी वाद व्हायचा, बाप्पासमोर भूतखेत कशाला दाखवता असं काही म्हाताऱ्या मंडळींचं म्हणणं असायचं आणि मग आरती झाली की मूर्तीपुढचा पडदा ओढून घ्यायचा यावर मिटायचं. आमची आजी मात्र उलट म्हणायची, अगं बाप्पा बसलाय म्हणूनच बघायचा, नंतर कशाला बघायचा! मला आजीचंच खरं वाटतं, तेव्हाही वाटायचं. इतकं घाबरूनही दुसऱ्या दिवशी सगळी पोरं ठणठणीत असायची याचं कारण तेच असणार.

सोळा एमएमचा प्रोजेक्टर यायचा. दोन बांबूंना पांढरा पडदा बांधून तो गल्लीत आडवा ताणायचे आणि लोक दोन्ही बाजूंनी बसायचे, समोर सतरंज्यांवर मोठा जमाव आणि मागच्या बाजूला ज्यांना जागा मिळाली नाही ते आणि ज्यांना भीती वाटते ते. मागून बघताना सगळं उलटं दिसायचं, पाट्यांवरची अक्षरं उलटी, उजवा हात डावा, पण भूत काही उलटं झालं म्हणून कमी भयंकर दिसत नाही हे तिथे बसलेल्यांना लगेच कळायचं. एक रीळ साधारण पाऊण तासाचं. प्रोजेक्टर एकच असल्यामुळे रीळ संपलं की पिक्चर थांबायचा, प्रोजेक्टरवाले काका छोटा बल्ब लावून दुसरं रीळ चढवायचे आणि ती जी पाचेक मिनिटं असायची ना, ती पिक्चरपेक्षा भारी असायची. कोणीच जागचं उठायचं नाही. पडदा पांढरा, आजूबाजूला अंधार, आणि आत्ता पाहिलेलं सगळं डोक्यात चालूच.

भाद्रपदातला वारा असतोच, त्यात नाशिकला परतीची सर कधी येईल सांगता येत नाही. पुराना मंदिर दाखवला त्या रात्री वाऱ्याने पडदा असा फुगत होता की त्यातल्या सामरी राक्षसाचा चेहरा मोठा होत होत चक्क पुढे यायचा, नाक, कपाळ, ते लाल डोळे सगळं आमच्या अंगावर, आणि वारा पडला की परत सपाट. पुढच्या सतरंजीवरची पोरं एका दमात मागे सरकली, मागच्यांच्या मांडीवर जाऊन बसली, कोणी कोणाला ओरडलं नाही. त्या सामरीचं काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल शिकलेले इंजिनियर, हे मला फार वर्षांनी कळलं. तो चेहरा आणि ती उंची, त्यांना मेकअपही फारसा लागत नसेल असं वाटतं. १९८४ चा पिक्चर, रामसे बंधूंचा. ही सगळी भावंडंच मिळून सिनेमा काढायची, एक कॅमेऱ्यावर, एक आवाजाकडे, एक एडिटिंगला, दोघं दिग्दर्शनाला, आणि १९७२ चा दो गज जमीन के नीचे तर त्यांनी महाबळेश्वरला घरचीच माणसं घेऊन शूट केला होता. अशा घरगुती पद्धतीने बनलेल्या पिक्चरने अख्ख्या देशातल्या गल्ल्या जाग्या ठेवल्या, मला याचं फार कौतुक आहे. दाराची करकर, वारा, ती किंकाळी, हे सगळं आमच्याकडे मंडळाच्या भोंग्यातून यायचं, आरती आणि हरवलेल्या मुलाची अनाउन्समेंट ज्या भोंग्यातून यायची त्याच्यातूनच.

बायका ओट्यांवर बसायच्या. आई कापूस घेऊन यायची आणि पिक्चर बघता बघता वाती वळायची, मी तिला टेकून. पडदा बघायची हिंमत नसली की मी तिच्या बोटांकडे बघायचे. वात वळली जातीय म्हणजे सगळं ठीक. बोटं थांबली, कापूस तसाच चिमटीत राहिला, की समजायचं आता काहीतरी येणार. मग मी डोळे मिटायचे. आजही कुठला भीतीचा सीन आला की मला आधी आईची थांबलेली बोटं दिसतात.

पण माझ्यापुरतं विचाराल तर सगळ्यात खोल गेला तो जानी दुश्मन. १९७९ चा, राजकुमार कोहलींचा, आमच्याकडे तो बऱ्याच वर्षांनी आला. लाल जोड्यातली नवरी दिसली की त्या राक्षसाचं रूप पालटतं आणि डोलीतून निघालेल्या मुली गायब होतात, एवढंच खरं तर, पण आमच्या ओळीतल्या आत्याचं लग्न त्याच मार्गशीर्षात होतं आणि तिने रिसेप्शनसाठी लाल शालू घेऊन ठेवला होता. आम्ही मुली तिच्या घरी जाऊन बसलो, आत्या तू लाल नको ना घालू. ती हसली नाही. आजींनी आम्हाला समजावलं की आपल्यात नवरी पिवळी अष्टपुत्री नेसते, लाल नाही, त्यामुळे आपल्याकडे काही होत नाही, आणि शालूचं आपण बघू. लग्नाच्या दिवशी पाठवणीला बँडवाल्याने नेमकं "चलो रे डोली उठाओ कहार" धरलं. रफीचं गाणं, सगळीकडे पाठवणीला वाजतंच, बायका डोळे पुसत होत्या आणि आम्ही पोरी गाडीच्या चारही बाजूंना उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाचे हात बघत होतो, केस आहेत का म्हणून. गाडी अंबड लिंक रोडला लागेपर्यंत आम्ही हललो नाही. आत्या छान आहे, तिला नातू झालाय, आणि संध्याकाळी तिने शालू न घालता हिरवी पैठणी नेसली होती ती आमच्यासाठी, हे तिने स्वतः सांगितलंय मला.

लाईट जायची तेव्हा तर विचारूच नका. पिक्चर ऐन रंगात आणि खटकन सगळं बंद, भोंगाही, आणि मग एका क्षणात पंचवीस आया एकदम आपापल्या पोरांची नावं घेऊन हाका मारायच्या. आमच्या कॉलनीत बहुतेकांचे वडील सातपूर-अंबडच्या कंपन्यांत, सेकंड शिफ्ट सुटली की बारा-साडेबाराच्या सुमाराला कंपनीची बस मेन रोडला सोडायची. एकदा अशीच लाईट गेलेली, पाऊस भुरभुरतोय, आणि गल्लीच्या तोंडातून टोपी ओढलेला, लांब काळा रेनकोट घातलेला माणूस सावकाश चालत येतोय. सगळी गल्ली किंचाळली! ते माझे बाबा होते. हातात डबा. त्यांनी टोपी काढली, "अरे मी आहे, मी" म्हणाले, आणि घरी न जाता तिथेच ओट्यावर बसून उरलेला पिक्चर बघितला, मला मांडीत घेऊन. ओला रेनकोट आणि कंपनीतल्या ऑइलचा वास, त्या वासात कुठलंच भूत जवळ येऊ शकत नाही अशी माझी खात्री होती.

पुढे पडदा गेला आणि व्हीसीआर आला, टेबलावर कलर टीव्ही आणि एका रात्रीत दोन-तीन कॅसेट. त्यात मजा होती पण मागच्यांना दिसायचं नाही. १९९३ ला झपाटलेला आला, तो आमच्या मंडळात कितीदा लागला असेल देव जाणे, हसत हसत बघायचा आणि रात्री मात्र कपाटावरची बाहुली उलटी करून ठेवायची. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि रामदास पाध्यांचा तो बाहुला, आरतीच्या रांगेत लहान भाऊ मागून कानात "ओम फट् स्वाहा" म्हणायचा आणि प्रसादाचं ताट हातातून निसटता निसटता राहायचं. त्याच वर्षी टीव्हीवर झी हॉरर शो सुरू झाला, तोही रामसेंचाच, मग केबल घरोघरी. २००० साली आवाजाचे नियम आले आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद झाला. नियम बरोबरच आहे, आजारी माणसं असतात, पोरांच्या परीक्षा असतात. पण दहाला संपेल असा भुताचा पिक्चर होऊ शकत नाही.

नंतर मी राम गोपाल वर्माचा भूत घरी एकटीने पाहिला, उर्मिलाचा, फ्लॅट, लिफ्ट, वॉचमन, सगळं आपल्यासारखंच. पिक्चर उत्तम आहे, पण ती भीती दोन आठवडे गेली नाही, कारण ती वाटून घ्यायला कोणी नव्हतं. मला अगदी मनापासून वाटतं की भुताचा पिक्चर एकट्याने बघायची गोष्टच नाही, त्याला बाजूला कोणाचा तरी दंड धरायला हवा आणि संपल्यावर घरापर्यंत सोडायला कोणीतरी हवं. आम्हाला सोडायला मंडळाची मोठी मुलं यायची, हातात बॅटरी, ओळीने एकेक घर, दार उघडून कडी लागल्याचा आवाज आला की पुढे. ती मुलं शेवटी आपापल्या घरी कशी जात असतील हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही.

तुंबाड २०२४ मध्ये परत थिएटरला लागला तो १३ सप्टेंबरला, म्हणजे ऐन गणपतीत. आमच्या ओळीतल्या जुन्या मुली ग्रुपवर एका तासात तयार. लेकी, सुना, एकीची सासू सुद्धा. तो पिक्चर म्हणजे सगळा पाऊसच, साखळीला बांधलेली ती म्हातारी आणि तिला झोपवायला घेतलेलं हस्तरचं नाव, आणि माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या लेकीने, बारावीत होती ती तेव्हा, पूर्णवेळ माझा हात दाबून धरलेला. बाहेर आलो तर पाऊस. पार्किंगमधून सगळ्या घोळक्यानेच गाड्यांपर्यंत गेलो आणि मग एकेकीच्या दारापर्यंत, सगळ्यात शेवटी मी.

मंडळाच्या आत्ताच्या पोरांना हे सगळं सांगितलंय. ते म्हणाले प्रोजेक्टर आता कोणाकडेही आहे, पडदा बांधू, सातला सुरू करू म्हणजे दहाच्या आत बसतं. यंदाच्या वर्गणीच्या पाकिटात मी चिठ्ठी घालून दिलीये: पहिला जानी दुश्मन लावा, आणि पडदा आडवाच बांधा, दोन्ही बाजूंनी बसता आलं पाहिजे. पाणी-चहाचं आम्ही बायका बघतो, आत्यालाही बोलावलंय.