तुम्ही विचारलंत म्हणून: कुठली युनिव्हर्सिटी चांगली?

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले की आमच्याकडे फोन सुरू होतात. आईच्या भिशीतल्या काकू, बाबांचे प्रेसमधले जुने सहकारी, कधी पिंपळगावहून कुणाचे तरी मेव्हणे. आधी तब्येत, मग यंदाचा पाऊस, आणि मग मुद्दा: "आमची पोरगी बीई होतेय. बाहेर पाठवायचं म्हणतोय. तू जर्मनीला होतीस ना? कुठली युनिव्हर्सिटी चांगली?"

प्रश्न सरळ आहे, पण उत्तर देता येत नाही. पोरगी कोण, काय शिकलीय, घरचं कसं आहे, ह्यातलं काहीच न सांगता 'चांगलं स्थळ सुचव' म्हटल्यासारखं होतं. म्हणून मी उलट चार प्रश्न विचारते. समोरच्याला वाटतं, ही भाव खातेय. तसं नाही हो. सगळं एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी फोनवर तब्येतीबद्दल नीट बोलता येईल.

माझंच सांगते. २०२० चा डिसेंबर. मी पुणे विद्यापीठाची मेकॅनिकल, सातपूरच्या एका कारखान्यात दीड वर्ष काढलेलं. बाबा आणि मी तोंडाला मास्क लावून एका कन्सल्टंटकडे गेलो. ऑफिस कॅनडा कॉर्नरजवळ. (बाहेरगावच्यांसाठी: तो नाशिकमधला चौक आहे, तिथे शेअर रिक्षानेही जाता येतं.) भिंतीवर सहा देशांचे झेंडे, काचेचं टेबल, आणि माझ्याहून लहान दिसणारी एक मुलगी. तिनं माझ्या मार्कशीटवर अर्धा मिनिट नजर टाकली आणि आठ नावांचा छापील कागद पुढे सरकवला. "जर्मनीत ह्या आठही ठिकाणी तुमचं हमखास होईल."

बाबा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेले. उभी नोकरी छापलेल्या शीटमधले दोष हुडकण्यात गेली. अजून लग्नाची पत्रिका आली तरी आधी उन्हाकडे धरून बघतात. त्यांनी तो कागद घेतला, आठही नावं वाचली आणि विचारलं, "तुमची फी किती?"

"काही नाही काका, काउन्सिलिंग फ्री आहे."

"मग हे भाडं, हे एसी कशातून निघतं?"

मुलगी हसली. उत्तर आलं नाही. ते आम्हाला पुढे कळलं आणि सगळ्या गोष्टीची किल्ली तिथेच आहे. सल्ला फुकट असतो, कारण पैसे दुसरीकडून येतात. मुलगा दाखल झाला की युनिव्हर्सिटी एजंटाला कमिशन देते, बहुधा पहिल्या वर्षाच्या फीतला काही हिस्सा. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, सगळीकडे हा उघड व्यवहार आहे, त्यात गुन्हा काही नाही. पण जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फीच नसते. जिथे फी नाही तिथे कमिशन कशातून देणार? म्हणून आमच्या कागदावरची आठही नावं खाजगी होती. दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर. सगळेच कन्सल्टंट असे असतात असं मी म्हणत नाही. ठरावीक पैसे घेऊन सरकारी विद्यापीठांचे अर्ज नीट भरून देणारेही गावात आहेत. फक्त पैसे कोण देतंय हे आधी विचारा. संकोच वाटत असेल तर आमच्या बाबांना घेऊन जा.

घरी येऊन बाबांनी माहितीपत्रक भिंगाखाली घेतलं. पहिल्या पानावर मोठं चर्च आणि नदी. शेवटच्या पानावर, सगळ्यात बारीक टाइपात, पत्ता. तो नकाशावर टाकला तर एक ऑफिसची इमारत निघाली. खाली जिम, वर दातांचा डॉक्टर, मधले दोन मजले 'कॅम्पस'. बाबा एवढंच म्हणाले, "चर्च ह्यांचं नाही."

मग आम्ही स्वतः शोधायला बसलो. जर्मन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या डाड (DAAD) ह्या विद्यार्थी-देवाणघेवाण संस्थेच्या संकेतस्थळावर इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या कोर्सेसची यादी असते. तिथून अकरा नावं काढली आणि प्रत्येकाचं मॉड्यूलहांडबुख उतरवून घेतलं. हा जर्मन शब्द तेवढा लक्षात ठेवा. कोर्समधला प्रत्येक विषय, त्याचे क्रेडिट, आठवड्याचे तास, परीक्षा तोंडी की लेखी, कोण शिकवतं, सगळं त्यात असतं. साठ-सत्तर पानं. कॉलेजरोडवर झेरॉक्सवाल्यानं स्पायरल बाइंडिंग करून दिलं आणि बाबा पेन्सिल घेऊन बसले. त्यांना इंजिनिअरिंग कळत नाही, पण दोन शीटमधला फरक कळतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन वह्या शेजारी ठेवल्या. कोर्सचं नाव शब्दशः एक. एकात पहिली दोन सेमिस्टर नुसती कंट्रोल थिअरी आणि गणित, दुसऱ्यात मशीन टूल्स, प्रॉडक्शन प्लॅनिंग, लॅब. "तुला ह्यातलं काय येतं?" मी दुसऱ्या वहीवर बोट ठेवलं. अकराची पाच तिथे झाली.

पुढची चाळणी विद्यापीठंच लावतात. कुठल्या विषयगटात किती क्रेडिट हवेत ते लिहिलेलं असतं. आपल्या इंजिनिअरिंगमध्ये गणित म्हणजे एम-वन, एम-टू, एम-थ्री. काही ठिकाणी तेवढ्यावर भागत नाही, मग मार्क कितीही असोत. मार्कांचंही त्यांचं गणित वेगळं. सर्वोच्च गुणांतून आपले वजा करायचे, सर्वोच्च वजा पासापुरते ह्यानं भागायचं, तिनानं गुणायचं आणि एक मिळवायचा. माझे दहापैकी ७.४, पासाला ४. उत्तर आलं २.३. तिथे १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे काठावर. अनेक कोर्सना २.५ च्या आत लागतं, म्हणजे मी उंबरठ्याच्या आत होते. हा हिशेब पाठकोऱ्या कागदावर पाच मिनिटांत होतो, तरी लोक त्यासाठी पैसे मोजतात. अर्जाचा खर्चही फार नाही: युनि-असिस्टमार्फत (अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) पहिला अर्ज ७५ युरो, पुढचा प्रत्येक ३०. माझ्यानंतर एक भर पडली. नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या मुलांना एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र सक्तीचं झालंय. ते आधी हातात हवं.

रँकिंगचं विचारतातच. क्यूएस ही जगातल्या विद्यापीठांना क्रमांक देणारी संस्था. तिच्या यादीत शंभरातले पंचेचाळीस गुण निव्वळ लौकिकाचे असतात: तीस प्राध्यापकांच्या मताचे, पंधरा कंपन्यांच्या. तुमच्या मुलीला तिसऱ्या सेमिस्टरला लॅब मिळेल का, हे त्यात कुठेच नाही. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी मात्र क्यूएसमधलं स्थान ही अटच आहे. ती भरत असाल तर यादी आधी आणि बाकी सगळं नंतर.

मी गेले केम्निट्सला. मावशीला वाटलं मी केमिस्टचं दुकान काढतेय. पूर्व जर्मनीतलं, यंत्रं बनवणारं जुनं गाव. एके काळी त्याला सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणत. कम्युनिस्ट काळात नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं, आणि गावाच्या मधोमध मार्क्सचं सात मीटर उंच नुसतं डोकं अजून उभं आहे. बाबा युनियनवाले, त्यांना एवढ्यावरच गाव पसंत पडलं. माझ्या वेळी फी नव्हती, सेमिस्टरची वर्गणी तेवढी. वसतिगृहाची खोली महिना अडीचशे युरोच्या आसपास. माझ्याबरोबर निघालेली मैत्रीण नावाच्या मोहानं म्युनिकला गेली. तिचं नुसतं खोलीभाडं माझ्या महिन्याच्या खर्चाएवढं. व्हिसासाठी वर्षाचा खर्च बँकेत अडकवून दाखवावा लागतो. तेव्हा १०,३३२ युरो होते, म्हणजे महिन्याला ८६१ हातात पडायचे. आता ११,९०४ झालेत. पैसा आपलाच असतो, पण हप्त्याहप्त्यानं सुटतो, आणि तेवढ्यात केम्निट्स भागतं, म्युनिक भागत नाही. शिवाय 'जर्मनीत फी नाही' हे आता सगळीकडे खरं राहिलेलं नाही. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह ज्या राज्यात आहेत तिथे युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही २०२४ च्या हिवाळ्यापासून फी लावलीय.

दुसऱ्या देशांचं मी जुजबीच सांगू शकते. अमेरिकेचा विचार असेल तर कोर्सच्या नावाशेजारचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासविषयाचा सरकारी क्रमांक, बघा. शिक्षणानंतर कामाला बारा महिने मिळतात आणि कोर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बसत असेल तर आणखी चोवीस. सारख्याच नावाचे दोन कोर्स, एक स्टेममध्ये, दुसरा नाही, असं सर्रास असतं. कोड स्टेमचा नसेल तर पन्नास लाखांचं कर्ज बारा महिन्यांच्या भरवशावर उभं राहतं. इंग्लंडला मास्टर्स एका वर्षात होतं, पण नंतर राहायची मुदत दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर येतेय, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना. कॅनडानं २०२४ पासून विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा घातलीय. तिथे कॉलेज कुठलं आणि कोर्स कुठला ह्यावर पुढचं वर्क परमिट ठरतं, दाखला मिळाला म्हणजे परमिट मिळालं असं नाही.

आता पिंपळगावच्या मेव्हण्यांकडे येते, कारण त्यांचा प्रश्न खरा अवघड होता. सहा एकर द्राक्षबाग, एकराची किंमत विचारू नका. तरी बँकेनं कर्जाला नाही म्हटलं. त्यांना अपमान वाटला. कारण साधं आहे. कर्ज थकलं तर बँक ज्या सरफेसी कायद्यानं कोर्टात न जाता तारण विकते, तो २००२ चा कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून बहुतेक बँकांना शैक्षणिक कर्जाला सातबारा चालत नाही. बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, नाहीतर एफडी लागते. आमचा जेलरोडचा दोन खोल्यांचा फ्लॅट चालला, त्यांची सहा एकर बाग चालली नाही. हे फेब्रुवारीत कळून उपयोग नसतो. तेव्हा बाग तोडणीला आलेली असते आणि व्यापारी डोक्यावर बसलेला असतो. आधी बँकेत जाऊन या, मग युनिव्हर्सिटी निवडा. विनातारण किती मिळतं हे कधीकधी युनिव्हर्सिटीच्या नावावर ठरतं, तेही तिथेच विचारा. जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला कर्जाऊ शिष्यवृत्ती देतंय, तिथेही अर्ज टाका.

इथवर वाचून वाटेल, बापलेकीनं सगळं अचूक केलं. नाही. एक गोष्ट आम्हा दोघांच्याही नजरेतून निसटली. हांडबुखाच्या पहिल्या पानावर 'शिकवण्याची भाषा: इंग्रजी' असं होतं, आम्ही खूण करून पुढे गेलो. कोर्स इंग्रजीत होता, कारखाना जर्मनमध्ये. मी इथे क्लास लावून ए-वन केलं होतं, म्हणजे पाव मागता येईल आणि आपलं नाव सांगता येईल एवढं. इंटर्नशिपसाठी बेचाळीस अर्ज पाठवले. एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. शॉपफ्लोअरवर नेलं आणि तिथल्या फोरमननं मशीनकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मशीन ओळखीचं होतं, सातपूरला त्याच्यावरच काम केलेलं. आवाजावरून बिघाड कळत होता. पण त्याला सांगायला शब्द नव्हता. मी मराठीत पुटपुटले, "बेअरिंग गेलंय रे बाबा," आणि तो नम्रपणे हसला. इंटर्नशिप हुकली. पुढचं वर्ष दिवसा हिवी, म्हणजे प्रोफेसरच्या हाताखालचं तासावरचं काम, आणि रात्री बी-वनची पुस्तकं. सहा महिने उशीर झाला आणि तितके कर्जाचे हप्ते इथे बाबांनी पेन्शनमधून भरले. ते कधी बोलले नाहीत. पण आता कुणी यादी घेऊन आलं की पेन्सिलीनं सगळ्यात आधी भाषेच्या ओळीखाली रेघ मारतात.

आणि परीक्षेचे नियम. आपल्याकडे केटी लागते, मुलं एम-थ्री पाचव्यांदाही देतात आणि पेढे वाटतात. तिथे बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीन संधी. तिसऱ्यांदा गेला की कोर्समधून नाव कमी, आणि त्याच कोर्सला दुसऱ्या विद्यापीठातही घेत नाहीत. हे नियमावलीत असतं, माहितीपत्रकात नसतं. तिथे शिकणाऱ्याला फोन केलात तर गोल्ड मेडलवाल्याला करू नका. दुसऱ्या सेमिस्टरला असलेला, एक विषय गेलेला गाठा. तो खरं बोलतो.

परत का आलीस, हा दुसरा प्रश्न. त्याला चहा लागतो.

तर काकू, लेकीला घेऊन रविवारी या. अकराच्या आत, नंतर बाबा पेपर घेऊन आडवे होतात. आठही सेमिस्टरच्या मार्कशीट आणा, नापास झालेलीही. मागच्या वेळी एकानं एम-थ्रीची तेवढी घरी ठेवली होती, बाबांनी पान नंबरावरून पकडला. आवडलेल्या दोन कोर्सचं हांडबुख छापून आणा, दोन्ही बाजूंनी नको, पेन्सिल मागे उमटते.