लॅटिन मिस्सेतली शांतता

आज सकाळी मी प्रथमच जुन्या लॅटिन पद्धतीच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिक चर्चमधील मुख्य उपासनेला, बसलो. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ ठेवून उभे होते, आणि मिस्सेचा गाभा असलेली प्रार्थना ते इतक्या हलक्या आवाजात म्हणत होते की घंटा वाजून त्यांनी पवित्र भाकर दोन्ही हातांनी उंच धरली, तेव्हाच विधी कुठवर आला आहे हे मला उमगले. मला लॅटिन येत नाही. ‘कीरिए एलेइसोन’ (‘हे प्रभू, दया कर’) तेवढे ओळखीचे वाटले, पण ते तर मुळात ग्रीक!

पुढच्या बाकावरची विशीतली मुलगी प्रार्थनापुस्तकातील लाल फीत सराईतपणे सरकवत होती. पोप सहावे पॉल यांनी १९६९ मध्ये लोकभाषांतही म्हणता येणारी नवी मिस्सा जाहीर केली, त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेल्या या मुलीच्या ओढीला स्मरणरंजन म्हणणे मला पटत नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये या जुन्या मिस्सेची वाट रुंद केली, पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती पुन्हा अरुंद केली. तरी माणसे येतातच. स्वभाषेतील मिस्सा मला प्रियच आहे, परंतु आज तासभर कोणी मला काहीही समजावून सांगत नव्हते, याचेच फार बरे वाटले.