आपली तक्रार सोडवण्यात आली आहे (म्हणे)

मोबाईल कंपनीकडे तक्रार केली की दोन गोष्टी हमखास होतात. कोणीतरी गोड आवाजात "फोन एकदा बंद करून चालू करा" म्हणून सांगतं आणि तक्रार जागची हललेली नसताना ती सुटल्याचा मेसेज येतो. आईच्या फोनपायी मी हे इतकं भोगलंय, की तो मेसेज आता नुसता दिसला तरी डोकं फिरतं. ज्यांचे आईवडील गावी आहेत, ज्यांच्या घरात जेमतेम रेंज आहे आणि ज्यांचं बोलणं-ऐकणं रोजच्या दीड जीबीवर चालतं, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आई राजापूर तालुक्यात, मी पुण्यात, ताई शारजाला. वाडीत फायबर आलेलं नाही. घर उतारावर असल्यामुळे फोरजी खिडकीशी बऱ्यापैकी येतं, टूजी मात्र अंगणात गेल्याशिवाय नाही. हे टूजीचं लक्षात ठेवा, सगळी मेख तिथेच होती.

आईला साधा फोन लावला की "कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर". त्याच क्षणी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला की दोन टिक. मग आम्ही इकडचे सगळेच व्हॉट्सअ‍ॅपवरून फोन करू लागलो. सकाळी ठीक चालायचं. दुपारनंतर दीड जीबी संपलं की वेग चौसष्ट केबीपीएसवर येतो, आणि मग "अगो, काय म्हणतेस? अर्धंच ऐकू येतंय" सुरू. ती यूट्यूबवर ऐकते ते दुपारचं कीर्तनही बंद. कंपनीला विचारलं तर एकच उत्तर, "मॅडम, मोठा पॅक घ्या."

मी तो घेतला नाही, कारण आधी हिशेब केला. तोच आधी सांगते, म्हणजे तुम्हालाही कोणी मोठा पॅक गळ्यात मारणार नाही.

६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, म्हणजेच ८ किलोबाइट. फारच कमी वाटतं, पण जुन्या टूजीवर आपण सगळे १३ केबीपीएसच्या आवाजात वर्षानुवर्षं बोललो आहोत. इंटरनेटवरच्या कॉलसाठी सर्रास वापरतात तो ओपस कोडेक (आवाज आकसून पाठवायची पद्धत, २०१२ साली प्रमाणित झाली) ६ केबीपीएसपासून पुढे चालतो. आवाजाला १६ धरा. आवाज छोट्या छोट्या पाकिटांतून जातो, आणि वर प्रत्येक पाकिटाला पत्त्याचा मजकूर लागतो. तो ४० बाइट आणि पाकिटं सेकंदाला ५०, म्हणजे आणखी १६. एकूण ३२. चौसष्टात आरामात बसायला हवं.

बसत नाही, कारण त्या चौसष्टात आई एकटी नसते. नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणीतरी फुलांचा दहा एमबीचा व्हिडिओ टाकतं. ६४ केबीपीएसने तो उतरायला वीस मिनिटांहून जास्त लागतात आणि तेवढा वेळ तो सगळी वाट अडवून बसतो. घाटात पुढे लोडेड ट्रक असला की मागची रिकामी एसटीसुद्धा त्याच्याच चालीने चढते, तसं. कॉलची पाकिटं लहान असली तरी रांगेत उशिरा पोचतात. समोरच्याचा आवाज दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोचावा अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. तो सेकंदभर उशिरा आला की दोघंही एकदम बोलतात, दोघंही एकदम गप्प होतात. नुसत्या गाण्यांचं तसं नाही. अ‍ॅप पुढचं थोडं आधीच भरून ठेवतं, मागेपुढे झालं तरी कळत नाही. म्हणून त्याच वेगात कमी दर्जाची गाणी चालतात आणि फोन तुटतो. लोकांना हे उलटं वाटतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्टोरेज आणि डेटा उघडून फोटो, व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करायचं. तिथेच कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची सोय आहे, ती चालू करायची. मग अँड्रॉइडचा डेटा सेव्हर. प्ले स्टोअरचे अपडेट फक्त वायफायवर. एवढ्याने आईचा दीड जीबी संध्याकाळपर्यंत पुरायला लागला. हे सगळं पटापट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पण मूळ प्रश्न तसाच राहिला. साधा फोन का लागत नव्हता? तो लागला असता तर बोलण्यासाठी डेटा लागलाच नसता.

फोरजीवर साधा कॉल दोन तऱ्हांनी होतो. नंबरावर व्होल्टी चालू असेल तर कॉल फोरजीवरूनच जातो. त्याची वाट वेगळी राखलेली असते, तो रोजच्या दीड जीबीत मोजला जात नाही आणि डेटा संपून वेग घसरला तरी त्याला धक्का लागत नाही. व्होल्टी नसेल तर कॉल आला की फोन फोरजी सोडून टूजीवर उतरतो. आईच्या घरात टूजी नाही. म्हणजे फोन उतरतो तो थेट खड्ड्यात.

सेटिंगमध्ये व्होल्टीचं बटण चालू दिसत होतं. त्यावर विसंबू नका. डायल पॅडवर *#*#४६३६#*#* दाबलं की बऱ्याच अँड्रॉइड फोनांत एक माहितीचा पडदा उघडतो. तिथे आयएमएसची, म्हणजे व्होल्टीचे कॉल जोडणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेची, स्थिती बघायची. आईच्या फोनवर "नॉट रजिस्टर्ड". माझं त्याच कंपनीचं सिम तिच्या फोनमध्ये घातलं, तर लगेच "रजिस्टर्ड". तिचं सिम माझ्या फोनमध्ये, पुन्हा नाही. म्हणजे फोन ठीक, टॉवर ठीक, बिघाड कंपनीकडच्या त्या नंबराच्या नोंदीत. याहून स्वच्छ पुरावा कुठल्या ग्राहकाने आणून द्यायचा?

आता या पुराव्याचं काय झालं ते ऐका.

१९८ वर फोन केला. १९८ हा तक्रारीचा नंबर, फुकट. भाषा निवडा, हे दाबा, ते दाबा, मग माणूस. माणसाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, आपल्या भागात नेटवर्क सुधारण्याचं काम चालू आहे." मी म्हटलं, नेटवर्क आहे हो, माझं सिम चालतंय. तो म्हणाला, "फोन एकदा बंद करून चालू करा." त्याच्यासमोरच्या पडद्यावर "सिमची अदलाबदल करून पाहिली" असा रकानाच नसावा. तक्रार क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशी मेसेज, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आईला फोन लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर.

पुन्हा १९८. पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी, कारण आधीची तक्रार "बंद" झालेली. नवी बाई जास्त प्रेमळ होती, पण तिनेही नेटवर्क सेटिंग रीसेट करायला लावलं. त्यात आईच्या फोनमधले ब्लूटूथचे आणि वायफायचे जोड पुसले गेले. पुन्हा क्रमांक, पुन्हा "सोडवण्यात आली". मधे एकदा खालच्या आळीतल्या मुलाला आईकडे बसवून मी इकडून बोलत होते, तेव्हा कंपनीच्या माणसाने त्या पोराला विचारलं, "आपण ग्राहक स्वतः बोलताय का?" पोरगं इमानदार, "नाही" म्हणालं. फोन कट. जिचा फोन लागत नाही तिनेच फोनवरून तक्रार करायची, हा कुठला न्याय?

मग आईला घेऊन तालुक्याच्या ठिकाणी कंपनीच्या दुकानात गेले. तिथला मुलगा बिचारा चांगला होता, पण त्याच्या हातात सिम बदलण्यापलीकडे काही नव्हतं. बदललं, पैसे घेतले. नवं सिम, तीच नोंद, तोच "नॉट रजिस्टर्ड". शिवाय सिम बदलल्यावर चोवीस तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपी नाही. आईला पेन्शनचे पैसे काढायचे होते, ते राहिले. असं काही अडलेलं असेल तर आधी उरका आणि मग सिम बदला.

चिडून मी पोर्ट करायला निघाले. १९०० वर मेसेज टाकला. नकार. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोडच मिळत नाही. फसवणूक टाळण्यासाठीचा नियम आहे, चांगलाच आहे, पण दुकानात सिम बदलताना कोणी तो सांगत नाही. पोर्ट करायच्या विचारात असाल तर सिमला हात लावू नका.

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच, ते. ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या सरकारी नियामकाकडे, थेट वैयक्तिक तक्रार करता येत नाही, ते अशी प्रकरणं हाताळत नाहीत. पण २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला दोन पायऱ्या ठेवाव्या लागतात. पहिली तक्रार केंद्राची, म्हणजे आपलं १९८. दुसरी अपिलाची. तक्रारीच्या निकालाने समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचं. फी नाही, वकील नको, ईमेल चालतो. निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. पत्ता ट्रायच्या साइटवर कंपनी आणि राज्य निवडलं की मिळतो. कंपनीच्या साइटवरही असतो, फक्त कुठेतरी तळाला, बारीक अक्षरांत. १९८ वरच्या एकाही माणसाने मला अपिलाबद्दल आपणहून सांगितलं नाही.

अपील मी असं लिहिलं. वर नंबर आणि जुने सगळे तक्रार क्रमांक. खाली दोन वाक्यं: हे सिम दोन फोनांत आयएमएसला नोंदत नाही, याच कंपनीचं दुसरं सिम त्याच फोनमध्ये त्याच जागी नोंदतं. सोबत दोन्ही पडद्यांचे स्क्रीनशॉट. आणि एकच मागणी, या नंबराच्या नोंदीत व्होल्टीची सेवा आहे का ते तपासावं. माझा संताप, आईचं वय, अडकलेलं पेन्शन यातलं काहीही लिहिलं नाही. लिहायची फार इच्छा होती.

चार ओळींच्या त्या ईमेलनंतर काही दिवसांनी एका इंजिनिअरचा फोन आला. एकाही वेळा "मॅडम" न म्हणता त्याने विचारलं, "फोन आत्ता चालू आहे? विमान मोड लावून काढायला सांगा." आईने काढला. पडद्याच्या वरच्या पट्टीवर व्होल्टीची खूण उमटली. त्याच्याकडच्या नोंदीत ती सेवा चढलेलीच नव्हती. आनंद झाला, पण राग जास्त आला. इतकंच काम होतं!

व्होल्टीवर पहिला फोन केला तेव्हा आई म्हणाली, "तू काय अंगणात उभी आहेस काय गो?" जुन्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झचाच आवाज जातो, यात ७००० पर्यंत. स, श, फ ही अक्षरं वरच्या पट्टीत असतात, म्हणून ज्यांना थोडं कमी ऐकू येतं त्यांना फरक चटकन कळतो.

शारजाचं वेगळं. तिथे व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल चालत नाहीत, सरकारने परवानगी दिलेली बोटिमसारखी अ‍ॅप लागतात. ताई आणि आई बोटिमवर बोलतात, चित्र बंद ठेवून. वेळ जमली नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचे निरोप, ते तिकडेही चालतात. खराब रेंजमध्ये निरोपासारखं दुसरं काही नाही, कारण तो सावकाश गेला तरी अख्खा जातो.

ऐकण्याचा हिशेब राहिला. ३२० केबीपीएसची गाणी तासाला १४४ एमबी खातात, ९६ ची ४३, स्पॉटिफायचा सगळ्यात खालचा दर्जा २४ चा, तो अकरा एमबीच्या आत. कीर्तन यूट्यूबवर लावून आई फोन उपडा ठेवते. चित्र कोणी बघत नाही पण त्याचा डेटा जातोच, म्हणून दर्जा १४४पी करून दिला. रत्नागिरी केंद्र ती आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर लावते. पुण्याहून जाताना मी कीर्तनं वायफायवर उतरवून कार्डात भरून नेते, हा उपाय सगळ्यांत स्वस्त.

शेजारच्या काकूंकडे बटणांचा फोन आहे. इंटरनेट शून्य, तरी रिचार्ज डेटाचाच. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं बंधनकारक केलं, मुदत ३६५ दिवसांपर्यंत. दुकानदार स्वतःहून दाखवत नाही, नावाने मागावा लागतो. काकूंना मागून दिला.

फोन बदललात तर आयएमएसची ओळ पुन्हा तपासा. प्रत्येक मॉडेल प्रत्येक कंपनीच्या व्होल्टीला चालतंच असं नाही. आईवडिलांसाठी नवा फोन घेताना त्यांचंच सिम दुकानात घेऊन जा, आत घालून कॉल लावा आणि कॉल चालू असताना पट्टीवर फोरजी टिकतं का ते बघूनच पैसे द्या.