सुवाली ते अजमेर : टॉमस रोच्या मागावर

इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाचा राजदूत म्हणून जहांगिराच्या भेटीस आलेला सर टॉमस रो १६१५ च्या हिवाळ्यात सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे अजमेरला गेला. त्याला मुक्काम आणि आजारपण धरून जवळपास दोन महिने लागले. आम्ही दोघांनी तीच वाट आठ दिवसांत केली.

आरंभ सुवालीच्या किनाऱ्यापासूनच करावा. सुरतेपासून तीसेक किलोमीटरवरची ही जागा रुक्ष आहे, परंतु १६१२ च्या अखेरीस इंग्रज कप्तान टॉमस बेस्टच्या जहाजांनी येथेच पोर्तुगीज आरमाराला दाद दिली नाही आणि त्यानंतर मोगलांकडून इंग्रजांना सुरतेत व्यापाराची परवानगी मिळाली. त्याआधी तुर्की बोलणारा इंग्रज दूत विल्यम हॉकिन्स १६०९ पासून अडीचेक वर्षे आग्र्यात राहिला, चारशेची मनसबही (घोडेस्वारांच्या संख्येवरून ठरणारा दरबारी दर्जा) मिळवली, तरी टिकाऊ फर्मान त्याच्या हाती लागले नाही. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून जावे, कारण ओहोटीला पाणी फार दूर सरते. चिखलात तर उतरूच नये. स्वतःचे वाहन नसेल, तर परतीची रिक्षा थांबवून ठेवावी.

बऱ्हाणपूरला सुरतेहून भुसावळमार्गे रेल्वेने जाता येते. तापीकाठच्या शाही किल्ल्यातील रंगीत छताचा हमाम शाहजहानच्या काळातला मानतात, म्हणजे रोने तो पाहिलेला नाही, हे वाटाड्यांच्या उत्साहात विसरू नये. रोच्या वेळी जहांगिराचा मुलगा शाहजादा परवेझ याच शहरी होता. रोने जमिनीपर्यंत लवण्यास नकार दिला आणि खुर्ची मागितली. ती मिळाली नाही, खांबाला टेकण्याची सवलत तेवढी मिळाली. पुढची खाजगी भेट मात्र होऊच शकली नाही, कारण नजराण्यातील मद्याच्या बाटल्या शाहजाद्याने आधीच रिचवल्या होत्या. तरीही बऱ्हाणपुरात वखारीची परवानगी मिळाली.

अजमेरला आम्ही इंदूर-रतलाममार्गे गेलो. १० जानेवारी १६१६ रोजी रोची जहांगिराशी भेट झाली, ती नया बाजारातील अकबरी किल्ल्यात. तेथे आता सरकारी संग्रहालय आहे. पहिल्या दिवशी आम्हाला बंद दार पाहून परतावे लागले, तेव्हा सुट्टीचा वार आधी विचारावा आणि दर्ग्याच्या उरुसाचे दिवस टाळावेत. इंग्लंडहून आणलेल्या घोडागाडीची जहांगिराने नक्कल करवून घेतली, पण रोला हवा असलेला सर्वव्यापी तह त्याने दिला नाही. मांडू आणि अहमदाबादपर्यंत दरबारामागे फिरून रो १६१९ मध्ये परतला, तो शाहजादा खुर्रमकडून (पुढचा शाहजहान) मिळालेल्या सुरतेपुरत्या सवलती घेऊनच.

म्हणून वेळ उरल्यास शेवटी पुन्हा सुरतेस यावे आणि कतारगाम दरवाजाजवळचे इंग्रजांचे कबरस्तान पाहावे. १६६४ च्या शिवाजी महाराजांच्या स्वारीत वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झेंडन तेथे भावाशेजारी, एखाद्या मोगल अमिराला शोभेल अशा घुमटाखाली पुरलेला आहे. सकाळी लवकर जावे; दुपारी आवारात सावली फारशी नसते.