तुम्ही विचारलंत म्हणून: दलदलीतले जायफळ सोलापुरात का लावत नाही?

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले आणि सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलांविषयी मी सोलापुरात अजूनही बोलत असतो. व्याख्यान संपले की बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो: “सर, त्या दलदलीतल्या दुर्मिळ झाडाची दोन-चार रोपे आणून इथेच का लावत नाही? पाणी आम्ही घालू, हिरवी जाळीही बांधू.” विचारणाऱ्याची कळकळ खरी असते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर नुसते ‘जगणार नाही’ असे देऊन मी थांबत नाही.

हे झाड म्हणजे मायरिस्टिका मॅग्निफिका. आपल्या डब्यातले जायफळ मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांवरचे; त्याच्याच कुळातला, पण फक्त आपल्या पश्चिम घाटात वाढणारा हा उंच, सदाहरित वृक्ष आहे. पाने लांबरुंद आणि चिवट, सालीला इजा झाली की लालसर चीक वाहतो, आणि फळ उकलले की बीभोवती रंगीत जायपत्री दिसते. जागतिक लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. नर आणि मादी झाडे वेगवेगळी असल्यामुळे एकट्यादुकट्या झाडापासून फळाची आशा नाही, आणि रोप नर आहे की मादी हे ते फुलल्याशिवाय कळत नाही. ‘दोन-चार रोपां’चा बेत इथेच डळमळू लागतो.

खरी गोष्ट मात्र मुळांची आहे. डोंगरउतारावरचे बारमाही झरे जिथे खोलगट, सपाट जागी येऊन संथ होतात, तिथे या झाडांची दलदल तयार होते. पाण्याने भरलेल्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मुळांनाही श्वसन करावे लागते, त्यामुळे सामान्य झाड अशा जागी गुदमरून मरते. मायरिस्टिका मॅग्निफिका खोडाच्या खालच्या भागातून आधारमुळे सोडते. ती हवेतून कमानीसारखी खाली उतरतात, मऊ चिखलात झाडाला तोलून धरतात आणि सालीवरच्या सूक्ष्म रंध्रांतून हवा आत घेतात. त्याच कुळातले जिम्नाक्रँथेरा दुसरा मार्ग धरते: त्याची मुळे चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा खाली जातात. अशा दलदलीत उभे राहिले की पायाखाली जमीन कमी आणि मुळेच जास्त दिसतात. इतका जुना आणि इतका नेमका जुळलेला संसार मी दुसऱ्या कुठल्या जंगलात पाहिलेला नाही.

आता सोलापूरकडे पाहू. आपल्याकडे वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरच्या परतीच्या पावसाचा असतो. ही झाडे जिथे वाढतात त्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या बाजूला तो ३,००० मिलिमीटरच्याही पुढे जातो. पावसाची तूट नळाने भरून काढता येईल असे वाटते, पण आपली काळी माती चुनखडीची आणि अल्कधर्मी आहे, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि तेव्हा नाजूक मुळे तुटतात. एप्रिल-मेमधल्या चाळिशीपार उन्हात कोरडा वारा त्या रुंद पानांतले पाणी इतक्या वेगाने ओढून घेईल की मुळांशी पाणी साचलेले असूनही झाड सुकेल. शिवाय साचलेले पाणी आणि हळूहळू वाहणारे झऱ्याचे पाणी या एकच गोष्टी नव्हेत.

बियांचेही तसेच. बाजरीचे बी आपण कणगीत ठेवून पुढच्या वर्षी पेरतो. मायरिस्टिकाचे बी वाळले की मरते. ओलावा टिकलेला असताना, सावलीत, थोड्याच काळात ते रुजावे लागते. ते पसरवण्याचे काम प्रामुख्याने धनेश करतो: जायपत्रीसकट बी गिळतो, जायपत्री पचवतो आणि बी दूर कुठेतरी ओकून टाकतो. धनेशाला घरट्यासाठी जुन्या, जाड खोडांतल्या ढोली लागतात. म्हणजे एका झाडामागे झरा हवा, सावली हवी, त्याचे परागण करणारे बारीक कीटक हवेत, पक्षी हवा आणि त्या पक्ष्याला पुरेल इतके जुने जंगलही हवे.

अशा दलदली केरळात कोल्लमच्या बाजूला, कर्नाटकात उत्तर कन्नडमध्ये, गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि आपल्या महाराष्ट्रात दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे आहेत. बांबर्ड्याची दलदल तीन हेक्टरही भरत नाही, तरी ती टिकली, कारण गावाने ती देवराई म्हणून राखली. २०२१ मध्ये तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. इतरत्र अनेक दलदली भातखाचरांत आणि सुपारीच्या बागांत गेल्या. बाग करताना प्रत्येक झाड तोडावे लागते असेही नाही. वरच्या अंगाला झरा वळवला, की खालची झाडे काही वर्षांत आपोआप खंगतात.

उत्तर कन्नडमधल्या कथलेकानच्या दलदलीतून बिब्ब्याच्या जातकुळीतली एक नवी जात २००० साली शास्त्राला कळली, सेमेकार्पस कथलेकानेन्सिस. तिची मोठी झाडे शंभराच्या आतच आहेत. तिची रोपे जरूर तयार करण्यात आली, पण ती लावली गेली दलदलीतच.

झाड वाचवायचे म्हणजे ते आपल्याजवळ आणायचे, ही समजूत मला फार घातक वाटते. सोलापूरकरांना हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्या नान्नजला, माळढोक अभयारण्यात, याचाच उलटा प्रकार घडतो. माळढोकाला उघडा, गवताळ माळ लागतो. ‘ओसाड’ म्हणून त्या माळावर कुणी दाट झाडी उभी केली तर पक्ष्याची जागाच जाते. दलदलीतून पाणी काढणे आणि माळावर जंगल लावणे, दोन्हींत जागेचा स्वभाव मोडतो.

तेव्हा रोप लावायचेच असेल तर हिवर, बोर, बाभूळ, कडुनिंब यांपैकी लावावे, तेही बांधावर आणि वस्तीत, माळरानावर नव्हे. आणि मायरिस्टिका पाहायचीच असेल तर बांबर्ड्याला जावे, आधी गावाची परवानगी घ्यावी, मुळांवर पाय देऊ नये आणि तिथले बी पिशवीत घालून आणू नये.