चतुर्दशीचं पान

भाद्रपद वद्य चतुर्दशी, जेल रोड, नाशिकरोड

पंचांगात आजच्या रकान्यात 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. माणूस कोणत्याही तिथीला गेलेला असो, शस्त्राने गेला असेल तर पितृपक्षात त्याचं पान आजच. पूर्वी ही ओळ मी न वाचताच पुढे जायचे. आपल्या प्रेस कामगारांच्या, रेल्वेवाल्यांच्या, मास्तरांच्या गल्लीत शस्त्राने कोण जाणार? शेजारच्या नानांचा मुलगा गेला तो ज्येष्ठात, काश्मीरमध्ये. कॅप्टन होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. चौकातल्या पाटीवर आहे तेवढं पुरे, असं वहिनींचं, म्हणजे त्याच्या आईचं, म्हणणं, आणि ते मला पटतं.

सकाळीच वहिनींच्या हाताखाली गेले. वडे, खीर, अळूची भाजी, कढी, आमसुलाची चटणी. कारलं श्राद्धाला लागतंच, म्हणून त्या करतात आणि चिरताना दर वर्षी पुटपुटतात, "हा शिवायचासुद्धा नाही याला." पहिल्या वर्षी गुरुजींनी सुचवलं होतं, बापाने मुलाचं श्राद्ध करू नये, एखाद्या चुलतभावाला बसवा. नाना म्हणाले, "गुरुजी, त्याच्या एनडीएच्या फॉर्मवर पालक म्हणून सही माझी आहे. इथेही मीच बसतो." गुरुजींनी निमूटपणे दर्भाचं पवित्रक त्यांच्या बोटात घातलं.

गच्चीवर पान ठेवलं. पाण्याच्या टाकीवर दोन कावळे येऊन बसले, माना वाकड्या करून बघायला लागले, आणि देवळालीकडून धडाड झालं. रेंजवर फायरिंग. कावळे गेले उडून. वहिनी कपाळाला हात लावून हसल्याच. नाना म्हणाले, "मीडियम दिसतेय." मुलाने शिकवल्यापासून ते आवाजावरून तोफ ओळखतात, निदान ओळखल्यासारखं करतात.

हा आवाज आम्हा नाशिकरोडकरांच्या कानाला इतका सरावलेला की तावदानं थरथरली तरी कोणी मान वर करत नाही. पूर्वी तोफखान्याचं प्रशिक्षण काकुलला चालायचं. ते गाव आता पाकिस्तानात आहे. तिथून शाळा देवळालीत आली. तेव्हापासून तोफखान्यातला प्रत्येक अधिकारी कधी ना कधी लॅम रोडवरून गेलेला असतो. परवाच २८ सप्टेंबर झाला, त्यांचा 'गनर्स डे'. १८२७ साली त्या दिवशी मुंबई इलाख्यातली बॅटरी उभी राहिली, ती आजही सेवेत आहे. हे मला कसं माहीत? त्यानेच सांगितलं होतं, वर "बाई, परीक्षेत येणार नाही, घाबरू नका" असं म्हणून.

१९९९ च्या जूनमध्ये तो माझ्या दहावीच्या वर्गात होता. टीव्हीवर रोज कारगिलची लढाई: द्रास, तोलोलिंग, टायगर हिल. वर्गात सगळ्यांना लढाईचंच बोलायचं असायचं आणि मला त्रिकोणमिती पुढे सरकवायची होती. एके दिवशी ह्याने हात वर केला. "बाई, तिथे हवा विरळ आहे. मग गोळा जास्त लांब जाईल ना?" मी म्हटलं, जाईल, हवेचा अडथळा कमी. "मग इथल्या हिशेबाने तोफ लावली तर चुकेल." पोरं हसली. त्याने मात्र ते वहीत लिहून ठेवलं. त्या दोन-अडीच महिन्यांत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागली आणि त्यातल्या प्रत्येकाला हा विरळ हवेचा हिशेब लागू होता, हे मला फार नंतर कळलं. द्रासच्या पॉइंट ५१४० या शिखराला २०२२ मध्ये 'गन हिल' असं नाव दिलं. ही बातमी वाचली तेव्हा आधी त्याची वही आठवली.

खडकवासल्याला एनडीएची तीन वर्षं, देहरादूनच्या लष्करी अकादमीचं एक, मग तोफखान्याची रेजिमेंट. आणि मग 'यंग ऑफिसर्स' कोर्सला स्वारी देवळालीत, म्हणजे घरापासून अर्ध्या तासावर! दर रविवारी जेवायला घरी. वहिनींचे ते सगळ्यात सुखाचे महिने. जेवण झालं की माझ्याकडे यायचा आणि जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून मला शिकवायला बसायचा. मला!

"बाई, तोफेवरच्या माणसाला शत्रू दिसतच नाही. दिसतो तो ओ.पी.ला, म्हणजे पुढच्या निरीक्षण ठाण्यावरच्या अधिकाऱ्याला. मी पायदळाबरोबर पुढे, दुर्बीण आणि वायरलेस घेऊन. तोफा माझ्या मागे दहा-पंधरा किलोमीटरवर." पहिला गोळा लक्ष्याच्या पलीकडे पडला की चारशे मीटर मागे घ्यायचा. तो अलीकडे पडला की दोनशे पुढे. मग शंभर. दर वेळी अंतर निम्मं. मी म्हटलं, अरे, ही तर समीकरणाचं मूळ शोधायची आपली रीत. तो इतका खूश झाला की पानभर आकृत्या काढल्या. अंश त्यांना फार जाडे पडतात म्हणाला. ते कोन 'मिल'मध्ये मोजतात. एका किलोमीटरवर एक मिल म्हणजे साधारण एक मीटर. पलीकडच्या झाडापासून बंकर किती डावीकडे, ते दुर्बिणीतल्या रेघा मोजून तोंडी सांगता येतं. दहावीला मी 'उंची आणि अंतर' शिकवताना मनोरा नि जहाजाची तीच ती उदाहरणं घालायचे. त्यानंतर दर बॅचला दुर्बिणीतल्या रेघाही घातल्या.

"आणि गोळा पडेपर्यंत काय करतोस?"

"सेकंद मोजतो."

पुढे त्याला राष्ट्रीय रायफल्समध्ये पाठवलं, काश्मीरमध्ये अतिरेक्यांविरुद्ध लढणाऱ्या दलात. त्या पलटणी १९९० पासून उभ्या राहिल्या. तिथे सैन्याच्या सगळ्या शाखांतले अधिकारी दोन-अडीच वर्षांसाठी जातात आणि काम पायदळाचंच करतात: रात्रीचा सापळा, गावाला वेढा, जंगलात शोध. तोफेचा तिथे संबंध नाही. फोनवर एकदा म्हणाला, "बाई, गणित गंजलं सगळं."

नंतरचं मी भराभर लिहिते. ओझरच्या विमानतळावरून फुलांनी मढवलेली लष्करी गाडी आली. जेल रोडला मुंगीला वाट नव्हती. 'अमर रहे'च्या घोषणा, बंदुकीच्या फैरी, बिगूल. तिरंग्याची घडी करून ती नानांच्या हातात दिली. पुढाऱ्यांनी रांगेने पुष्पचक्रं वाहिली आणि फोटो निघाले.

आठवडाभराने त्याच्या तुकडीतले मेजर घरी आले. जमिनीवर नानांसमोर मांडी घालून बसले. पहाटेचा पाऊस, देवदारांचं दाट रान, पुढे हा. नानांनी एकच विचारलं. "किती लांब होते ते?"

"पंधरा मीटर, अंकल. फार तर वीस."

आमच्या शाळेचा व्हरांडा याहून लांब आहे. लोक सांगतात तो किती शूर होता, आणि ते खरंच आहे. त्याचं शौर्य मला समजतं. ते पंधरा मीटर समजत नाहीत. ज्या पोराने सगळा जीव लावून डोंगरापलीकडचं, न दिसणारं अंतर मोजायला शिकून घेतलं, त्याच्यापुढे शेवटी मोजण्यासारखं काही ठेवलंच नाही. त्याचा राग कोणावर काढायचा, तेही धड ठरत नाही. लढाईत कोणाला किती अंतर मिळावं याचा काही नियम असतो का? नसतो. तरी माझं मन तिथेच घुटमळतं.

मग त्याची काळी ट्रंक आली. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, रेजिमेंट. सोबत आतल्या सामानाची टाइप केलेली यादी, सह्या-शिक्क्यांसकट. नानांची सगळी नोकरी नोटांच्या प्रेसमध्ये गेलेली. मोजून घेतल्याशिवाय कशावर सही करायची नाही, हे हाडात मुरलेलं. चष्मा लावून ओटीवर बसले आणि एकेक वस्तू बाहेर काढून यादीवर पेन्सिलीने खूण करत गेले. बनियन सहा. टॉवेल दोन. बूट, काळे, एक जोड. ट्रान्झिस्टर. प्रोट्रॅक्टर, एक. तिथे थांबून त्यांनी विचारलं, "हे काय असतं?" मी म्हटलं, कोनमापकच, पण चौकोनी आणि पारदर्शक, नकाशावर ठेवायचं. त्यांनी ते उजेडात धरून बघितलं, खूण केली आणि पुढची ओळ वाचली. यादी पुरी जुळली. तेव्हा कुठे वहिनींना म्हणाले, "सगळं आहे."

चौकातली पाटी आहे, पण बहुतेक वेळा कोणा 'दादां'च्या वाढदिवसाच्या फ्लेक्सआड. २६ जुलैला फ्लेक्स उतरतो, पाटी पुसली जाते, हार पडतो. कारगिलशी त्याचा संबंध एवढाच की तेव्हा तो दहावीत होता. पण हार घालणाऱ्यांना कोण सांगणार? नाना तिथे जातात, खुर्चीवर बसतात, भाषण ऐकतात, मिळालेली शाल घडी करून पिशवीत घालतात. आजच्या दिवसाला मात्र ते कोणाला बोलावत नाहीत. आम्ही शेजारचे चार जण, बस.

जेवणं झाल्यावर भांडी विसळताना खालच्या मजल्यावरची ताई माझ्याजवळ सरकली. तिचा मुलगा बारावीला आहे आणि एनडीएचं खूळ डोक्यात घेऊन बसलाय. "बाई, तुमचं ऐकतो तो. नको म्हणून सांगा ना." आत वहिनी पानं आवरत होत्या. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती अगदी हळू बोलत होती, पण त्यांनी ऐकलंच असणार. मी म्हटलं, अगं, लेखी परीक्षेत गणिताचे ३०० मार्क असतात, आणि त्याचं गणित तुला ठाऊक आहे. ती हसली, तिला जरा बरं वाटलं.

संध्याकाळी तो मुलगा स्वतःच वही घेऊन दारात हजर. त्रिकोणमितीपासून सुरू करू म्हणतो. मी त्याला सोमवारी सकाळी सातला यायला सांगितलंय. त्याच्या आईला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.